नसलेल्या मालाची कंपनी

फिंका नुएवे, १४ ऑगस्ट २०१७

प्रिय सेनेइदा,

फोन करत नाही म्हणून फुगून बसू नकोस. फोनवर तू तीन शब्द बोलतेस आणि "मग, बाकी काय" म्हणून मोकळी होतेस. शिवाय इथे पामच्या मळ्यात रेंज हवी तर शाळेच्या छपरावर चढावं लागतं, आणि माझ्या वयाच्या बाईने छपरावर चढलेलं मुख्याध्यापकांना खपणार नाही. म्हणून हे पत्र सान होसेच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर धाडते आहे.

काम आहे. माझ्या व्यापार-संगणकाच्या वर्गात शेवटच्या वर्षाला आता सहाच मुलं उरली आहेत. पाच जणांना मी कसंबसं कुठेतरी चिकटवलं: दोघं तेल गिरणीच्या ऑफिसात, एक आरोग्य केंद्रात, दोघं नगरपालिकेत फोटोकॉपी काढायला. सहावी मारिएलोस, आणि तिला जागा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खऱ्या कंपनीत काम करून मालकाची सही आणल्याशिवाय सर्टिफिकेट नाही, हा नियम तुला मी काय सांगायचा! पण इथे खऱ्या कंपन्या आहेत कुठे? केळीवाली कंपनी आपल्या लहानपणीच गाशा गुंडाळून गेली. उरले पामचे मळे. त्यांना हिशेब ठेवणारी मुलगी नको, खाली पडलेली फळं वेचणारी हवी. मारिएलोसची आई तुलिया तेच करते, आणि मुलीने ते करू नये एवढंच तिचं मागणं आहे.

त्यात आमचे मुख्याध्यापक उल्पियानो. त्यांच्या डोक्यात सध्या पर्यटन शिरलंय. पुढच्या वर्षी माझा वर्ग बंद करून तिथे वेटरांचा वर्ग काढायचा बेत आहे. परवा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणाले, "लिदिएत, तुमची सराव कंपनी नसलेला माल नसलेल्या गिऱ्हाइकांना विकते." मी म्हटलं, गिऱ्हाइकं आहेत, ती कार्तागोला सेनेइदाच्या वर्गात बसतात. सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. वर्गात मुलांनी चालवायची आमची लुटुपुटूची कंपनी, पाल्मेरा दोरादा, कागदावरचे फ्रिज विकते, कबूल. तुझी मुलं कागदावरची ब्लँकेटं विकतात. पण मागणी कशी नोंदवायची, बिल कसं करायचं, गिऱ्हाइकाशी अदबीने कसं लिहायचं, हे माझी मुलं त्याच कागदांवर शिकली ना?

मारिएलोस आमची जनरल मॅनेजर आहे. देशभरच्या सराव कंपन्यांत 'सर्वांत तत्पर' म्हणून आम्हाला ढाल मिळाली ती तिच्यामुळे. आलेल्या मागणीला त्याच दिवशी होकार गेला पाहिजे, हा नियम मी घालून दिला. ही पोरगी जेवायच्या आधी होकार धाडते. (तुझी मुलं आठवडा लावतात, ते जाऊ दे.)

तुमच्याकडे खऱ्या कंपन्या गल्लोगल्ली आहेत. तिच्यासाठी एक शोध. एक मुलगी कार्तागोहून सही घेऊन आली, तर नोव्हेंबरच्या पालकसभेत मी उल्पियानोंच्या नाकावर टिच्चून ती दाखवीन.

तुझी,
लिदिएत


कार्तागो, २९ ऑगस्ट

प्रिय लिदिएत,

बसवाल्याने पत्र आणून दिलं आणि वर "बाई रागात होत्या" असा निरोपही दिला. तू कधी रागात नसतेस, हे त्याला माहीत नसावं.

जागा मिळाली. माझ्या भाच्याचे धर्मपिता सेन्योर एवेलियो यांचा बांधकामाच्या सामानाचा घाऊक व्यापार आहे. पाइप, नळ, पाण्याच्या टाक्या, सगळं. ऑफिसात एकच कारकून आहे, त्याला मदतनीस हवाच होता. मुलगी समजूतदार आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं, लिदिएतच्या हाताखालची आहे. त्यावर ते हो म्हणाले.

राहील ती माझ्याकडेच. मुलगा लग्न करून गेल्यापासून ती खोली इस्त्रीच्या कपड्यांनी भरली आहे, ती रिकामी करते. तिला जाड स्वेटर घेऊन यायला सांग. तुमच्या उकाड्यातल्या माणसाला इथलं धुकं हाडात शिरतं. आणि तिला नुसत्या भातावर राहायची सवय असेल तर ती मी मोडणार, हेही सांगून ठेव.

माझ्या वर्गाचं विचारशील तर तीसच्या वर मुलं आहेत आणि त्यातली निम्मी झोपलेली असतात. तुझी सहा जागी आहेत, त्यात समाधान मान.

तुझी,
सेनेइदा


फिंका नुएवे, २२ सप्टेंबर

प्रिय सेनेइदा,

पत्राबरोबर मुलगीच पाठवते आहे. तिच्या हातातली टोपली तुझ्यासाठी आहे. त्यातली पेहिबायेची फळं नीट उकड, मागच्या वेळेसारखी कच्ची खाऊन घसा खाजला म्हणून मला शिव्या देऊ नकोस.

काळे बूट नवे आहेत. तुलियाने ते कसे घेतले ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. स्वेटर माझा आहे. गेल्या आठवड्यात स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी कंदिलांच्या मिरवणुकीत मारिएलोस आमच्या कंपनीचा फलक धरून चालली. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, गावात फ्रिजचं दुकान आलं. एक म्हातारा तिला हप्त्यांची चौकशी करायला लागला, तर हिने त्याला छापील दरपत्रक दिलं! मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, त्याला खरा फ्रिज हवाय. ती लाजली, पण दरपत्रक काही परत घेतलं नाही.

ती कमी बोलते, त्याचा गैरसमज करून घेऊ नकोस. काम सांगितलं की परत सांगावं लागत नाही. निघताना तिने मला एकच विचारलं, "प्रोफे, तिथे काही वेगळं असेल का?" मी म्हटलं, काहीही वेगळं नसतं, फक्त खुर्च्या बऱ्या असतात.

तुलिया बसच्या थांब्यावर रडली नाही. मीच जरा रडले, हे तुझ्या-माझ्यात ठेव.

तुझी,
लिदिएत


कार्तागो, १६ ऑक्टोबर

प्रिय लिदिएत,

वादळाच्या बातम्या तू ऐकल्या असशीलच. आम्ही सुखरूप आहोत. डोंगरातून येणारे पाण्याचे मोठे पाइप मात्र फुटले. अर्ध्या कार्तागोला नळ नाही, रस्ते खचलेत, बॅसिलिका चर्चच्या झऱ्यावर बादल्यांची रांग लागली आहे.

तुझ्या मुलीचं कौतुक लिहायला बसले आहे. सेन्योर एवेलियोंचा कारकून रस्ता बंद म्हणून पलीकडच्या गावी अडकला. एवेलियो स्वतः ट्रक घेऊन माल आणायला सान होसेला गेले, तेही तिकडेच राहिले. फोन लागत नव्हते. ऑफिसात ही एकटी, आणि पाण्याच्या टाक्यांसाठी सारखे ईमेल आणि माणसं. शाळा, आरोग्य केंद्र, वृद्धाश्रम, सगळ्यांना टाक्या हव्या. पहिल्या दिवशी घाबरून घरी आली. मी म्हटलं, घाबरायचं काय त्यात, तुझ्या प्रोफेने शिकवलंय तसंच कर.

दुसऱ्या दिवशी आली ती चेहरा नुसता उजळलेला. आल्या आल्या सांगितलं, सगळ्यांना त्याच दिवशी उत्तर गेलं, एकही गिऱ्हाईक ताटकळलं नाही. दोन वाट्या सूप प्यायली. इथे आल्यापासून पहिल्यांदा हसून बोलली. तू फुगून गच्च होणार हे माहीत असूनही लिहिते: मुलगी घडवावी तर तुझ्यासारखीने.

तुझी,
सेनेइदा


फिंका नुएवे, २७ ऑक्टोबर

प्रिय सेनेइदा,

तुझं पत्र मी आधी तुलियाला वाचून दाखवलं आणि मग सरळ उल्पियानोंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, छान आहे, पण हे मैत्रिणीचं पत्र झालं. म्हटलं, मालकाचंही आणून देते.

तेव्हा आता एवेलियोंकडून चार ओळी घे. कंपनीच्या कागदावर, सही-शिक्क्यासह. वादळात ऑफिस एकटीने सांभाळलं, एवढं असलं तरी पुरे. सभा अकरा नोव्हेंबरला आहे. वर्ग ठेवायचा की नाही हे पालकांचा कौल घेऊन ठरणार आहे, आणि सेनेइदा, खरं सांगते, माझ्याकडे त्या मुलीशिवाय दाखवायला काहीच नाही. नगरपालिकेतली दोघं अजून फोटोकॉपीच काढताहेत.

खालच्या वर्गातल्या चार मुली तिच्यासारखं कार्तागोला जायचं म्हणून पुढच्या वर्षी माझ्याकडे येते म्हणाल्या. मी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा वर्गातली ढाल पुसली.

कागद लवकर धाड.

तुझी,
लिदिएत


कार्तागो, ४ नोव्हेंबर

प्रिय लिदिएत,

दाढ दुखते आहे म्हणून थोडक्यात लिहिते. एवेलियो फार कामात आहेत, कागदाचं अजून विचारलं नाही. सभेपर्यंत होईल असं वाटत नाही. त्यावाचूनही तू बोलशील, तुला कोण अडवणार?

मारिएलोस बरी आहे. मला स्वयंपाकात खूप मदत करते. काल सकाळी तिने सगळी भांडी घासून लख्ख केली. जेवते कमी. पाणी आता आलं आहे.

तुझी,
सेनेइदा


फिंका नुएवे, १३ नोव्हेंबर

सेनेइदा,

सभा झाली. मी बोलले, आणि कसं बोलले! वादळात एकट्या मुलीने कंपनी चालवली, आपल्या मळ्यावरच्या मुलीने, असं म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. उल्पियानो उठून म्हणाले की तिच्या आईचं ऐकू या. तुलिया कामावरून तशीच आली होती, बुटांना चिखल. कधी सभेत तोंड न उघडणारी बाई उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या घरात खुर्चीवर बसून काम करणारं हे पहिलंच माणूस. हा वर्ग बंद करू नका." मग खाली बसली आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

कौल घेतलाच नाही. उल्पियानो म्हणाले, महिनाअखेरपर्यंत मालकाचं पत्र आणि सहीचा कागद येऊ दे, आला तर वर्ग राहील. सगळ्यांसमोर बोलले, आता त्यांना मागे फिरता येणार नाही.

इथपर्यंत आनंदाने लिहिलं. आता दुसरं. घरी येऊन तुझं चार तारखेचं पत्र पुन्हा वाचलं. कामाच्या दिवशी, सकाळी, मुलगी तुझ्या घरात भांडी का घासत होती? आणि तुझी दाढ तर मागच्या वर्षी काढली, मीच बरोबर होते.

काय झालंय ते लिही. गोड करून लिहिलंस तर मी बस पकडून येईन.

लिदिएत


कार्तागो, १७ नोव्हेंबर

प्रिय लिदिएत,

गोड करायला काही उरलेलं नाही.

मी तुला कौतुकाचं पत्र लिहिलं, त्याच आठवड्यात एवेलियो परत आले आणि त्यांनी तिला घरी पाठवलं. तिने सगळ्यांना त्याच दिवशी उत्तर दिलं होतं, हे खरंच. सगळ्यांना होकार दिला होता. जितक्या मागण्या आल्या तितक्या सगळ्या टाक्यांना होकार, पोचवण्याची तारीख घालून, कंपनीच्या कागदावर, शिक्का मारून. गोदामात टाक्या होत्या मूठभर. त्या पहिल्या ट्रकबरोबरच गेल्या.

डोंगराकडच्या वृद्धाश्रमातल्या सिस्टरांच्या दारात दुसऱ्या व्यापाऱ्याचा ट्रक आला होता. आमच्या टाक्या ठरल्या आहेत, हा बघा कागद, असं सांगून त्यांनी तो परत पाठवला. मग वाट बघत बसल्या. म्हाताऱ्यांना ओढ्याचं पाणी पाजावं लागलं. कितीतरी जणांना जुलाब झाले, आणि एक आजी अजून इस्पितळात आहे.

एवेलियो वाईट माणूस नाही. ओरडलेही नाहीत. मलाही बोलावून घेतलं होतं. त्यांनी विचारलं, "गोदामात किती टाक्या आहेत ते बघितलंस का?" ती म्हणाली, "गोदाम बघायचं असतं, हे मला माहीत नव्हतं."

लिदिएत, मला आधी वाटलं, उलट उत्तर देते आहे. मग तिच्या तोंडाकडे बघितलं. तीन वर्षं ती मॅनेजर आहे, आणि तिच्या कंपनीला गोदामच नाही. कधी माल संपला नाही, कारण माल नव्हताच. दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गात विचारलं, ब्लँकेटं किती शिल्लक आहेत? तीस मुलं माझ्याकडे बघत राहिली. तीही तशीच शिकताहेत. आपण दोघी तशाच शिकवतो आहोत.

तुला कळवू नका म्हणून तिनेच हात जोडले. "प्रोफेंची सभा होऊ दे," एवढंच म्हणत राहिली. रोज सकाळी उठून गणवेश घालायची, ते बूट घालायची आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. मी ओळखीच्या चार ठिकाणी विचारून आले. इथले व्यापारी एकमेकांना ओळखतात, टाक्यांची गोष्ट माझ्या आधीच पोचलेली असते. आणि मी, तुझा राग नको म्हणून, दाढ दुखते असं लिहीत राहिले. भित्री आहे मी, तू कॉलेजातच म्हणाली होतीस.

एवेलियो सही करणार नाहीत. मी पुन्हा जाऊन मागितली. म्हणाले, तिच्या कामाबद्दल खरं लिहायचं तर काय लिहू, तुम्हीच सांगा. मी घरी परत आले.

उद्याच्या बसने तिला पाठवते आहे. थांब्यावर ये.

सेनेइदा


फिंका नुएवे, १४ डिसेंबर

प्रिय सेनेइदा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण आधी तुझ्यावर संतापले होते आणि मग संतापायला तोंड उरलं नाही. त्याच दिवशी होकार, हा नियम माझा. "काहीही वेगळं नसतं" हे वाक्यही माझंच. ती आजी कशी आहे ते कळव. बरी नसली तरी कळव.

थांब्यावर मी गेले होते, तुलियाही होती. मारिएलोस उतरली आणि आधी माझा स्वेटर घडी करून परत दिला. तुलियाने तिची पिशवी उचलली. दोघी मळ्याच्या वाटेने चालत गेल्या.

उल्पियानोंना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. वाटलं होतं, मिशीत हसतील. हसले नाहीत, त्यांनी मला कॉफी दिली, आणि ते मला जास्त लागलं. वर्ग बंद झाला. संगणक पर्यटनाच्या खोलीत गेले. पाच मुलांना सर्टिफिकेट मिळालं. मारिएलोसला पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करायचा नियमाने हक्क आहे, पण वर्गच नाही तर ती प्रयत्न कुठे करणार? दुसरी अशी शाळा बसने अर्ध्या दिवसावर आहे. मी मंत्रालयात दोनदा फोन केला, छपरावर चढूनच केला. अर्ज करा म्हणाले. केला आहे. त्याचं काय होणार हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

सान होसेहून, सराव कंपन्यांच्या मुख्य कचेरीतून, पत्र आलं की सराव कंपनी बंद करायची तर तीही नियमाने करा: सगळ्या गिऱ्हाइकांना कळवा, सगळ्या कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याची पत्रं द्या, मग नाव काढू. मुलांना सुट्टी लागली होती. मी एकटीच ते करायला बसले होते, तर दारात मारिएलोस. कुणी सांगितलं होतं कोण जाणे. म्हणाली, "मॅनेजर मी आहे, प्रोफे. सही माझी लागेल."

संगणक नव्हता, म्हणून हाताने लिहायला बसली. आधी कर्मचाऱ्यांची पत्रं. प्रत्येकाच्या कामाबद्दल एक-एक चांगलं वाक्य लिहिलं, जो कायम उशिरा यायचा त्याच्याबद्दलसुद्धा. स्वतःचंही लिहिलं, त्यात चांगलं वाक्य नव्हतं. मी म्हटलं, घाल की एखादं. ती म्हणाली, नंतर घालते, आणि घातलं नाही.

मग गिऱ्हाइकांची. उरलेल्या सगळ्या मागण्या समोर घेतल्या. तुझ्या वर्गाने चाळीस फ्रिज मागवले होते, त्यांनाही तिचं पत्र येईल. सगळ्यांना सारखाच मजकूर आहे: आपली मागणी पुरी करता येत नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत. आमच्याकडे माल नाही. तो कधीच नव्हता.

मी शिक्षिकेच्या सवयीने म्हटलं, शेवटचं वाक्य व्यापारी पत्रात चालत नाही. तिने लेखणी थांबवून विचारलं, "खोटं आहे का?" मी नाही म्हटलं. तिने तसंच पुढे लिहिलं. सगळी पत्रं संपेपर्यंत मी समोर बसून शिक्के मारत होते आणि मला वर बघवत नव्हतं.

सोमवारपासून ती आईबरोबर पामची फळं वेचायला जाते. पहाटे माझ्या घरावरूनच जातात दोघी. मी दिवा लावत नाही, त्यांना बघितलेलं कळू नये म्हणून.

त्या दिवशी निघताना तिने पत्रांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि उभी राहिली, वर्गात उभी राहायची तशी. तपासायला दिलाय हे मला जरा उशिराच कळलं. मी एकेक पत्र वाचलं. तारीख, पत्ता, मायना, सही, कुठेही चूक नव्हती. मी वर पूर्ण गुण लिहिले. ती थँक्यू म्हणाली आणि गेली. ते गुण कुठे नोंदवायचे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुझी,
लिदिएत